दोन पाइप, दोन पंप आणि पाण्याचा हिशेब



नदीवरून किंवा धरणाच्या फुगवट्यावरून पाइपलाइन करून ऊस भिजविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पाणी कमी पडू लागले की त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो. मोटार मोठी बसवायची, आहे त्या पाइपाला दुसरा पंप जोडायचा, की शेजारून दुसरा पाइप टाकायचा? बहुतेक वेळा हा निर्णय दुकानात किंवा पारावर होतो, आणि कर्ज उचलून झाल्यावर कळते की पाणी दुप्पट झालेच नाही, वीजबिल मात्र दुप्पट झाले. म्हणून या अंकात दोन पाइप जोडीने चालताना पाणी कसे वाटले जाते आणि दाब किती खर्च होतो, त्याचा हिशेब मांडला आहे. हिशेब सातवी शिकलेल्या माणसालाही जमेल असा आहे. घातांकांचा भाग मुलाच्या मोबाइलवर करून घ्यावा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यात, पाणी प्रथम आले ते पाटाने. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेचे दोन्ही कालवे भरून वाहू लागले. पाटाचे पाणी उताराने येते, त्याला मोटार लागत नाही. पण पाटाच्या वरची जमीन कोरडीच राहिली. पुढे पैठणला जायकवाडीचे धरण झाले. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. त्याचा फुगवटा नेवासे आणि शेवगाव तालुक्यांत शिरला. ज्यांची काळी जमीन पाण्याखाली गेली, त्यांनी उरलेल्या माळावर पाणी चढविण्यासाठी मोटारी टाकल्या. प्रवरासंगमापासून खाली काठाकाठाने हिंडले की अशा पाइपलाइनी हव्या तितक्या दिसतात. म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. आकडे मात्र हिशेबासाठी धरलेले आहेत, कोणाच्या शेतातले नाहीत.

समजा फुगवट्याच्या काठापासून आपल्या हौदापर्यंत ३,००० मीटर अंतर आहे. उन्हाळ्यातील पाण्याच्या पातळीपासून हौदाच्या तोंडापर्यंत उंची २४ मीटर, म्हणजे साधारण ७९ फूट. पाइप सहा इंची, आतला व्यास १५० मि.मी. (दुकानदार १६० चा पाइप म्हणतो तो बाहेरचा व्यास असतो. आतला दाबाच्या वर्गाप्रमाणे कमी होतो. हिशेबाला आतलाच धरायचा.) आणि पाणी येते सेकंदाला १५ लिटर.

हे १५ लिटर खरे का, हे आधी बघा. हौद ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद असेल आणि १० मिनिटांत त्यात १ मीटर पाणी चढले, तर ९,००० लिटर भागिले ६०० सेकंद, म्हणजे १५ लिटर. ज्याने हे मोजले नाही त्याने पुढचा हिशेब करू नये. "सहा इंची भरून चालतोय" हे माप नव्हे.

आठ तास वीज मिळाली तर या पाण्याने काय होते तेही बघू. १५ लिटरप्रमाणे आठ तासांत ४ लाख ३२ हजार लिटर होतात. एका एकरात ८ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर सुमारे ३ लाख २४ हजार लिटर लागतात. म्हणजे दिवसाला १.३३ एकर भिजते. पंधरा एकर ऊस असेल तर पाळी फिरून यायला सव्वाअकरा दिवस. मे महिन्यात इतके दिवस ऊस तहानलेला ठेवला तर कांडी आखडते, हे सांगायला नको. ठिबक केले तर निम्मे काम तिथेच होते, पण तो वेगळा विषय आहे. आज आपल्याला १५ ऐवजी ३० लिटर पाहिजेत असे धरून चालू.

पंपाला दोन कामे असतात. एक पाणी उंच चढविणे आणि दुसरे ते पाइपातून ढकलणे. उंची २४ मीटर ती २४ च राहते, पाणी थोडे न्या की जास्त. पण ढकलण्याचा खर्च, म्हणजे घर्षणतूट, पाण्याबरोबर वाढते आणि सरळ प्रमाणात वाढत नाही. हीच सगळी मेख आहे.

घर्षणतूट काढण्यासाठी हेझन आणि विल्यम्स या दोन अमेरिकन अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दिलेले सूत्र आपल्या कामाला पुरेसे आहे. ते असे: लांबी मीटरमध्ये घ्यावी आणि तिला १०.६७ ने गुणावे. विसर्ग घनमीटरमध्ये घेऊन (१५ लिटर म्हणजे ०.०१५) त्याला पाइपाच्या गुळगुळीतपणाच्या अंकाने भागावे, त्या भागाकाराचा १.८५२ वा घात करून वरच्या आकड्याला गुणावे. शेवटी व्यासाच्या, तोही मीटरमध्ये, ४.८७ व्या घाताने भागावे. उत्तर मीटरमध्ये येते. पीव्हीसी पाइपासाठी गुळगुळीतपणाचा अंक १४० धरतात. जुन्या, गंजलेल्या लोखंडी पाइपासाठी १०० च्या आसपास.

दर हजार मीटरला पीव्हीसीची तूट खाली तयार करून दिली आहे. व्यास आतला आहे.

४ इंची (१०० मि.मी.): ५ लिटरला ४.६ मीटर, १० लिटरला १६.६ मीटर.
५ इंची (१२५ मि.मी.): १० लिटरला ५.६, १५ लिटरला ११.९, २० लिटरला २०.२ मीटर.
६ इंची (१५० मि.मी.): १० लिटरला २.३, १५ लिटरला ४.९, २० लिटरला ८.३, ३० लिटरला १७.६ मीटर.
८ इंची (२०० मि.मी.): १० लिटरला ०.५७, १५ लिटरला १.२, २० लिटरला २.०५, ३० लिटरला ४.३ मीटर.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पाणी दुप्पट केले की तूट ३.६ पट होते. आणि सहाऐवजी आठ इंची पाइप घेतला की तेवढ्याच पाण्याला तूट चौथाईवर येते.

आता आपले उदाहरण. १५ लिटरला ३,००० मीटरची तूट १४.६ मीटर. फूटव्हॉल्व्ह, बेंड वगैरेंची १ मीटर धरू. उंची २४. एकूण हेड ४० मीटर. अश्वशक्ती काढायची रीत सोपी आहे. लिटर गुणिले मीटर, भागिले ७५, भागिले पंपाची कार्यक्षमता. ६५ टक्के कार्यक्षमतेचा पंप धरला तर १५ गुणिले ४० म्हणजे ६००, भागिले ४८.७५, म्हणजे १२.३ अश्वशक्ती. म्हणून तिथे १५ ची मोटार बसलेली असते. (साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून शासनाने मोफत वीज दिली आहे, ही मोटार त्यात बसत नाही. तेव्हा इथे वाया गेलेले प्रत्येक युनिट आपल्याच खिशातून जाते.)

पहिला उपाय लोक सुचवितात तो मोठ्या मोटारीचा. त्याच सहा इंचीतून ३० लिटर न्यायचे तर तूट ५२.९ मीटर. बेंड-व्हॉल्व्हची तूट चौपट होऊन ४ मीटर. उंची २४. एकूण ८१ मीटर. अश्वशक्ती जवळजवळ ५०. म्हणजे पाणी दुप्पट, मोटार चौपट! शिवाय १० मीटर हेड म्हणजे १ किलो दाब, तेव्हा पंपाजवळ पाइपावर ८ किलोच्या वर दाब येणार. सहा किलोच्या वर्गाचा पाइप त्याला पुरणार नाही, आणि तो फुटतो तेव्हा बहुधा रात्री फुटतो. हा उपाय इथेच सोडून देऊ.

दुसरा उपाय जास्त फसवा आहे, कारण तो ऐकायला बरोबर वाटतो. "एक पंप १५ लिटर देतो, शेजारी तसाच दुसरा बसवू, ३० होतील." जॅकवेल आहे, पाइप आहे, फक्त पंप आणि मोटार घ्यायची. पण पंप काही मापाने पाणी ओतत नाही. समोर जितका दाब असेल तितके कमी पाणी तो देतो. आपला पंप व्हॉल्व्ह बंद असताना ५२ मीटर दाब दाखवितो आणि १५ लिटरला ४० मीटर, असे धरू. मधले आकडे काढायला, लिटरचा वर्ग करून ०.०५३ ने गुणा आणि ५२ मधून वजा करा. अशी माहिती पंप घेताना कंपनीच्या पत्रकात मिळते. ती फाडून फेकू नये.

आता पाइप किती मागतो आणि पंप किती देतो, हे समोरासमोर ठेवून बघायचे. दोन पंपांनी मिळून २० लिटर दिले असे समजा. प्रत्येकी १० लिटर. १० लिटरला पंप ४६.७ मीटर देतो. पाइप मात्र २० लिटरला २४ अधिक २४.९ अधिक १.८, म्हणजे ५०.७ मीटर मागतो. मागणी जास्त, म्हणजे २० लिटर येणार नाहीत. १८ लिटर समजा. प्रत्येकी ९, पंप ४७.७ देतो, पाइप ४६ मागतो. आता थोडे उरते. म्हणजे खरा आकडा १८ आणि २० च्या मधे. आणखी दोनदा करून बघितले की १८.६ वर दोन्ही जुळतात.

एवढेच. दुसरा पंप, दुसरी मोटार, दुसरा स्टार्टर, आणि पाणी १५ वरून १८.६. चौथाईसुद्धा पुरी वाढली नाही. प्रत्येक पंप ९ लिटरवर आल्यामुळे त्याची कार्यक्षमताही घसरते, तेव्हा विजेचा खर्च मात्र दीडपटीच्या वर जातो. अशा ठिकाणी दुसरा पंप बंद केला तरी हौदावर उभ्या असलेल्या माणसाला फारसा फरक कळत नाही. पंप खराब निघाला असे म्हणून दुकानदाराशी भांडण होते. पंप खराब नसतो, पाइप अरुंद असतो.

आता तिसरा उपाय, दुसरा पाइप.

जोडीच्या पाइपांचा नियम एकच आहे आणि तो पाठ करण्यासारखा आहे. दोन पाइप एकाच ठिकाणी सुरू होतात आणि एकाच ठिकाणी मिळतात, तेव्हा दोन्हींतली घर्षणतूट सारखीच असते. पाणी वाटून जाते, तूट वाटली जात नाही आणि तिची बेरीजही होत नाही. पुष्कळ जण पहिल्या पाइपाची तूट आणि दुसऱ्याची तूट मिळवतात, ते चूक. बेरीज करायची ती पाण्याची. तूट सारखी का? कारण सुरुवातीच्या सांध्यावर दाब एकच, शेवटच्या सांध्यावर दाब एकच. एका गावातून दुसऱ्या गावाला दोन वाटांनी गेलो तरी चढ तेवढाच भरतो, तसेच हे. एखाद्या पाइपात अडचण जास्त असेल तर पाणी आपण होऊन दुसऱ्याकडे वळते, दोन्हींतली तूट सारखी होईपर्यंत.

या नियमावरून कोणता पाइप किती पाणी ओढील हे काढता येते. पाणी व्यासाच्या २.६३ व्या घाताच्या प्रमाणात वाटले जाते. घात करीत बसण्यापेक्षा रुपया-पैशाने लक्षात ठेवा. सहा इंची पाइपाची ऐपत एक रुपया धरली तर त्याच लांबीच्या चार इंचीची ३४ पैसे, पाच इंचीची ६२ पैसे, आठ इंचीची २ रुपये १३ पैसे आणि दहा इंचीची ३ रुपये ८३ पैसे. जोडीला टाकलेल्या पाइपांचे रुपये मिळवायचे. जुना गंजका लोखंडी पाइप असेल तर त्याच्या रुपयाचे ७१ पैसेच धरायचे. एखादा पाइप वळसा घेऊन दुप्पट लांबीने येत असेल तर त्याचे ६९ पैसे.

यावरून एक गंमत बघा. सहा इंची दोन पाइप म्हणजे बारा इंची असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. थोडे शिकलेले म्हणतात, क्षेत्रफळ धरा. सहाचा वर्ग ३६, दोनदा ७२. आठाचा वर्ग ६४. तेव्हा दोन सहा इंची पाइप एका आठ इंचीपेक्षा सरस. पण ऐपत बघितली तर दोन सहा इंचींचे होतात २ रुपये आणि एकट्या आठ इंचीचे २ रुपये १३ पैसे. पाण्याला अडवते ती पाइपाची भिंत, आणि दोन पाइपांना भिंत जास्त. म्हणून ज्याला नवीन लाइन टाकायची आहे त्याने दोन बारके टाकू नयेत, एक मोठा टाकावा. पण ज्याची सहा इंची जमिनीत गाडलेली आहे, त्याने ती उपटू नये. तिचा रुपया फुकट मिळत असतो. घरात जुनी चार इंची पडलेली असेल तर तिलासुद्धा जोडून ३४ पैसे मिळतात, ते सोडायचे कशाला?

आता आकडे घालू. जुन्या सहा इंचीशेजारी तशीच सहा इंची ३,००० मीटर टाकली आणि दोन पंप लावले. प्रत्येक पाइपात १५ लिटर, तूट तीच १४.६, हेड तेच ४०. एकूण ३० लिटर, २४.६ अश्वशक्ती. पाणी दुप्पट, वीज दुप्पट. हा सरळ व्यवहार झाला.

पण याच दोन पाइपांवर एकच पंप चालविला तर? एका पाइपातून जाणारे पाणी निम्मे झाल्याने तूट कोसळते. १९.५ लिटरला दोन पाइपांत मिळून (प्रत्येकी ९.७५) तूट ६.६ मीटर, उंची २४, वरची १.१, पाइप मागतो ३१.७ मीटर, आणि पंपही १९.५ लिटरला नेमके तेवढेच देतो. म्हणजे एक पंप, दोन पाइप: साडेएकोणीस लिटर. दोन पंप, एक पाइप: १८.६ लिटर. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात वीज जवळजवळ आधीएवढीच आहे. ज्याच्याकडे दुसऱ्या मोटारीचा मंजूर भार नाही किंवा ट्रान्सफॉर्मर आधीच ओढला गेला आहे, त्याने आधी पाइपाचा विचार करावा. मात्र पंप जास्त पाणी टाकू लागला की मोटारीवर ओझे चढते, तेव्हा अँपिअर मीटरकडे बघून चालवावे. नाहीतर वाइंडिंग जळायचे.

नवीन पाइप आठ इंची घेतला तर सहाचा १ रुपया आणि आठाचे २.१३, एकूण ३.१३. ३० लिटरपैकी सहा इंचीत ३० भागिले ३.१३, म्हणजे ९.६ लिटर आणि आठ इंचीत २०.४ लिटर. ताळा करून पाहा. सहा इंचीत ९.६ लिटरला ३,००० मीटरची तूट सुमारे ६.४ मीटर आणि आठ इंचीत २०.४ लिटरला तीही ६.४ मीटरच येते. जुळले नाही तर हिशेबात चूक आहे असे समजावे. एकूण हेड ३२ मीटर, अश्वशक्ती १९.७. म्हणजे दोन सहा इंचींपेक्षा पाच अश्वशक्ती कमी. यासाठी पंप मात्र ३२ मीटरला चांगला चालणारा निवडावा लागतो. जुने ४० मीटरचे दोन्ही पंप तसेच लावले तर ते ३० वर थांबणार नाहीत, ३६ लिटरच्या जवळपास जातील आणि मोटारी गरम करतील.

विजेचा फरक वर्षाचा काढू. एका अश्वशक्तीला मोटारीची तूट धरून तासाला सुमारे ०.८७ युनिट लागते. दिवसाला आठ तास, वर्षात १५० दिवस, म्हणजे १,२०० तास. पन्नासची मोटार आणि एकच पाइप यांऐवजी दोन सहा इंची पाइप ठेवले तर वर्षाला सव्वीस हजार युनिट वाचतात. दोन सहा इंचींऐवजी सहा अधिक आठ ठेवले तर आणखी पाच हजारांच्या वर. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा आणि आठ इंची पाइपाच्या जादा किमतीशी ताडून बघा. किती वर्षांत फिटते हे कळले की मग कर्ज किती वर्षांचे घ्यायचे तेही कळते.

पैसा एकदम नसतो, म्हणून काही जण यंदा निम्मा पाइप टाकू, पुढच्या वर्षी निम्मा, असे म्हणतात. ते जमते, पण फायदा सारखा वाटून मिळत नाही. एक पंप ठेवून निम्म्या लांबीला, १,५०० मीटर, दुसरी सहा इंची जोडली तर १५ चे १६.९ लिटर होतात. उरलेली निम्मी जोडली की १९.५. पहिल्या निम्म्याने दोन लिटरही पुरते दिले नाहीत, दुसऱ्याने अडीच लिटरच्या वर दिले. कारण उरलेला एकेरी तुकडा पुढे गळा धरून बसतो. तेव्हा पहिल्या वर्षी निराश होऊ नये. जोड पंपाकडून सुरू करावा की हौदाकडून, हेही विचारतात. पाण्याच्या मापाला फरक नाही. पण वाटेत टेकाड असेल तर पंपाकडून सुरू करावा, म्हणजे टेकाडावर दाब शिल्लक राहतो आणि तिथे हवा धरत नाही.

आता भांडणाचा विषय. वरचा सगळा हिशेब दोन्ही पाइप शेवटी एकाच हौदात पडतात असे धरून आहे. भागीदारीत मात्र पुष्कळदा जॅकवेल आणि पंप सामाईक, पाइप दोन, आणि प्रत्येकाचा हौद आपापल्या शेतात. पैसे निम्मे-निम्मे, पाइप सारखे, लांबी सारखी, म्हणून पाणीही सारखे अशी समजूत. समजा खालच्या भावाचा हौद २४ मीटर उंचीवर आहे आणि वरच्याचा ३० वर. दोन्ही पाइप सहा इंची, ३,००० मीटर. दोन्ही पंप चालू असताना सुरुवातीच्या सांध्यावर दाब ४०.३ मीटर राहतो. खालच्याला ढकलायला उरतात १६.३ मीटर, वरच्याला १०.३. पाणी मिळते खालच्याला १५.९ लिटर, वरच्याला १२.४. हे एकवेळ चालवून घेतील.

पण एक पंप बंद पडला, किंवा एकाच मोटारीपुरता दाब विजेला आहे, अशा दिवशी सांध्यावरचा दाब ३३.२ वर उतरतो. आता खालच्याला उरतात ९.२ मीटर आणि वरच्याला फक्त ३.२. खालच्याला ११.७ लिटर, वरच्याला ६.६. वरचा म्हणतो खालच्याने रात्री व्हॉल्व्ह फिरवला. खालचा शपथ घेतो. दोघेही खरे बोलत असतात. सख्ख्या भावांची पाइपलाइन तुटण्याइतकी वेळ यावरून येऊ शकते, आणि बांधावर बसून तंटा मिटविणाऱ्या पंचांनाही सहा मीटर उंचीचा हा खेळ ठाऊक नसतो.

खालच्याच्या पाइपावर व्हॉल्व्ह बसवून तो थोडा आवळला तर पाणी सारखे करता येते, पण पंप दोनाचा एक झाला की आवळणे बदलावे लागते, आणि ते कोणी करायचे यावर पुन्हा वाद. शिवाय व्हॉल्व्ह आवळणे म्हणजे विकत घेतलेला दाब जाळणे. त्यापेक्षा पाळी तासांची लावावी आणि एका वेळी एकाचाच हौद चालवावा. तरीही वरच्याला तासाला पाणी थोडे कमीच पडणार, तेव्हा तास मोजून न देता हौदावर पाणी मोजून द्यावे. सगळ्यांत बरे म्हणजे दोन्ही पाइप वरच्या एका सामाईक हौदात पाडावेत आणि तिथून सारख्या रुंदीच्या, एका पातळीत बसविलेल्या दोन सांडव्यांवरून पाणी उताराने दोघांना सोडावे. पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटले जाते. खालच्याला वाटेल की माझे पाणी उगाच सहा मीटर जास्त चढविले. त्याचा तो मुद्दा खराही आहे, आणि वीजबिलाची वाटणी करताना तो धरावा. करार करताना हे सगळे कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. पाइप गाडल्यावर नाही.

फुगवट्यावरच्यांना आणखी एक गोष्ट धरावी लागते. पावसाळ्यानंतर पाणी शेताच्या जवळ असते. उन्हाळ्यात ते हटत जाते आणि मोटार पुढे सरकवावी लागते. लांबी वाढते आणि उंचीही वाढते. हिशेब दिवाळीच्या पातळीने केला तर मे महिन्यात, जेव्हा उसाला खरी गरज असते, तेव्हा तो चुकतो. पुढे सरकविलेल्या तुकड्याला बहुतेक जण हाताशी असलेला चार किंवा पाच इंची पाइप जोडतात. ३०० मीटर पाच इंची तुकड्यात १५ लिटरला ३.६ मीटर तूट जाते, सहा इंचीत दीड मीटरच गेली असती. हा तुकडा दोन्ही पाइपांच्या आधी येतो, सगळे पाणी त्यातूनच जाते, म्हणून त्याला कंजूषपणा करू नये. दोन पंप चालणार असतील तर त्याच तुकड्यात ३० लिटर जातील आणि तूट तेरा मीटरवर पोचेल. मग पुढे टाकलेल्या आठ इंचीचा काय उपयोग?

दोन पंप जोडीने बसविताना प्रत्येकाला स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर एक बंद असताना दुसऱ्याचे पाणी त्यातून उलटे विहिरीत पडत राहते. दोन्ही पंप एकाच हेडचे असावेत. एक ५२ मीटरचा आणि दुसरा ४५ चा असला तर भारी पंप हलक्याला दाबून टाकतो आणि हलका नुसता फिरत राहून गरम होतो. नवीन पाइप किंवा वाढीव मोटार टाकण्यापूर्वी पाणी उपशाचा परवाना किती अश्वशक्तीचा आणि किती क्षेत्राचा आहे तेही बघून घ्यावे.

ज्यांना आपल्या लाइनीचा हिशेब करायचा आहे त्यांनी पाच आकडे लिहून काढावेत: मे महिन्यातील पाण्यापासून हौदापर्यंत उंची, प्रत्येक पाइपाची लांबी, आतला व्यास, हौदावर मोजलेले पाणी, आणि पंपाजवळच्या प्रेशर गेजवरचा चालू दाब. गेज शंभर-दोनशे रुपयांच्या स्वस्तातले घेऊ नये, ते खोटे सांगते. गेज ४ किलो दाखवीत असेल आणि हिशेबाने ३.२ च यायला हवा असेल, तर पाइपात कुठेतरी हवा अडकली आहे, गाळ बसला आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह अर्धाच उघडला आहे. तो आधी शोधावा, नवीन पाइपाचा भाव नंतर विचारावा.